उमेदवारीचे व्याकरण

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, की मराठी वृत्तपत्रांपुढे दर चार वर्षांनी एक लहानशी भाषिक अडचण उभी राहते. आयोवा, न्यू हॅम्पशायर इत्यादी राज्यांत पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी जी मतदाने होतात, त्यांना मराठीत काय म्हणावे? कोणी ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणतो, कोणी ‘पक्षांतर्गत निवडणूक’ म्हणतो, आणि बरेच लोक ‘प्रायमरी’ हाच शब्द देवनागरीत उतरवून मोकळे होतात. ही अडचण केवळ प्रतिशब्दाची असती, तर ती परिभाषाकोशाच्या संपादकांवर सोपवून अभ्यासकास स्वस्थ बसता आले असते. परंतु ज्या व्यवहाराचे नाव हवे आहे तो व्यवहारच भाषिक समाजात नसेल, तर कोशकार काय करणार? आपल्या राजकीय मराठीत ‘प्राथमिक’ हे विशेषण एकाच ठिकाणी रुळलेले आहे, व ते म्हणजे ‘पक्षाचे प्राथमिक सदस्यत्व’. हा शब्दप्रयोग वाचकास बहुधा कोणाची तरी हकालपट्टी झाली तेव्हाच भेटतो. एका देशात पक्षाचा सामान्य अनुयायी जेथे निर्णय करतो त्या पायरीस ‘प्राथमिक’ म्हणतात. आपल्याकडे जेथून त्यास काढून टाकता येते त्या पायरीस म्हणतात. शब्द एकच, परंतु त्यांतील अंतर मोठे आहे.

उमेदवार निवडण्याच्या प्रक्रियेविषयी आपण ज्या मराठीत बोलतो व लिहितो, त्या मराठीची तपासणी करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. राज्यशास्त्राच्या प्रांतात शिरण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि शब्दांची साक्ष काढण्याचा आहे, आणि ती साक्ष आजवर पुरेशी काढली गेलेली नाही असे आमचे मत आहे.

प्रारंभ ‘उमेदवार’ या शब्दापासूनच करावयास हवा. फारसीतून आलेला हा शब्द मुळात ‘आशा धरून असलेला’ या अर्थाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांत पगाराविना काम करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा जो तरुण असे, तो उमेदवार. आणि तो जे करी ती उमेदवारी. ‘त्याची अजून उमेदवारी चालू आहे’ हे वाक्य वकिलीच्या किंवा सुतारकामाच्या संदर्भात आजही जुन्या अर्थाने उच्चारले जाते. लोकशाहीतील प्रतिनिधिपदासाठी हाच शब्द घेतला गेला तेव्हा जुना अर्थ पूर्णपणे गळून पडला, असे मानण्याचे कारण नाही. जो वाट पाहतो, खालच्या पायरीवर राबतो, आणि ज्याची नेमणूक दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते असा मनुष्य या शब्दामागे अद्याप उभा आहे. सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याविषयी आपण जे बोलतो ते या अर्थाचेच आधुनिक भाष्य होय.

‘तिकीट’ या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मतपत्रिका सरकार छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या सर्व उमेदवारांच्या नावांची यादी छापून मतदारांत वाटी, आणि मतदार ती पेटीत टाकी. ही छापील यादी म्हणजे तिकीट. ती मतदाराच्या हातात असे. मराठीत हा शब्द आला तो इंग्रजी राजकीय वापरातून. पण येथे तोवर रेल्वेचे व नाटकाचे तिकीट घरोघरी पोहोचलेले असल्याने नव्या अर्थावर त्याची छाया पडली. तिकीट म्हणजे आत जाण्याचा परवाना, असा तो अर्थ झाला. आता ते उमेदवाराच्या हातात असते, आणि खिडकीमागे कोण बसले आहे हे बाहेरच्यास दिसत नाही. ‘तिकीट कापले’ हा हिंदीच्या सहवासाने रुळलेला प्रयोग, आणि त्याच्या जोडीचा ‘पत्ता कापला’ हा प्रयोग, दोहोंतही कापणारा अनुक्त आहे. ‘तिकीटवाटप’ या समासातील ‘वाटप’ हा घटकही लक्ष देण्याजोगा आहे. कायद्याच्या मराठीत वाटप म्हणजे हिस्सेदारांतील विभागणी. ‘जागावाटप’ या शब्दात तोच अर्थ आहे, कारण तेथे दोन किंवा तीन पक्ष समान नात्याने बसून मतदारसंघ वाटून घेतात. ‘तिकीटवाटपा’त मात्र घेणारा हिस्सेदार नसतो. तेथे वाटप आहे ते शिधावाटपासारखे.

क्रियापदांकडे वळल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. ‘त्यांना तिकीट मिळाले’, ‘त्यांचे नाव पुढे आले’, ‘उमेदवारी जाहीर झाली’, ‘नावावर शिक्कामोर्तब झाले’ ही या व्यवहारातील नित्याची वाक्ये. चारही वाक्यांतील क्रियापद अकर्मक आहे, आणि चारांतही निर्णय करणाऱ्यास वाक्यात जागा नाही. शेवटच्या वाक्यातील ‘शिक्कामोर्तब’ तर थेट मराठेशाहीच्या दप्तरातून आलेले आहे. तेथे पत्राच्या शिरोभागी शिक्का व अखेरीस मोर्तब असे. ज्याने शिक्का उमटविला तो कोण, हे त्या काळी शिक्क्यावर कोरलेले तरी असे. आजच्या वाक्यात कर्ता आणावयाचाच झाला, तर ‘पक्षश्रेष्ठी’ हा शब्द येतो. या शब्दास व्यवहारात एकवचन नाही. ‘एका पक्षश्रेष्ठीने ठरविले’ असे कोणी म्हणत नाही. आणि म्हणून ‘कोणत्या?’ हा प्रश्नही विचारला जात नाही. किंवा मग वास्तूंची नावे येतात. ‘मातोश्रीवरून निरोप आला’, ‘वर्षावर बैठक झाली’, ‘दिल्लीत ठरले’. ‘वरून’ हे शब्दयोगी अव्यय बंगल्याच्या नावास जोडले असता स्थान दाखविते, आणि सुटे वापरले असता (‘वरून आदेश आला’) अधिकाराची उतरंड दाखविते. मराठी वक्ता या दोन अर्थांमध्ये भेद करण्याचे श्रम घेत नाही, आणि व्यवहार पाहता ते घेण्याची गरजही नसते.

‘निवडून येणे’ या प्रयोगाकडे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिताचा व मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असतो, हा आपला सर्वपरिचित नियम होय. ‘तो जेवून गेला’ या वाक्यात जेवणारा व जाणारा एकच. ‘ते निवडून आले’ या वाक्यात मात्र येणारा एक, आणि निवडणारे लक्षावधी निराळे. ‘आढळून येणे’, ‘दिसून येणे’ यांच्या पंक्तीतील हा प्रयोग असून त्यात कर्मणीची छटा आहे. मतदारास कर्ता करावयाचे तर ‘निवडून देणे’ हे रूप भाषेत आहे. पण ते भाषणांत व आवाहनांत अधिक आढळते, बातमीत कमी. याशिवाय ‘निवडून आणणे’ हे तिसरे रूप आहे, आणि त्याचा कर्ता नेता किंवा कार्यकर्ता असतो: ‘आम्ही त्यांना निवडून आणले.’ पराभवाचेही असेच. ‘पडणे’ अकर्मक, त्याचे प्रयोजक ‘पाडणे’. ‘त्यांना पाडले’ असे म्हटले, की मराठी श्रोता प्रथम स्वपक्षीयांकडे बोट दाखवितो, मतदारांकडे नाही. उभे राहणे व उभे करणे, येणे व आणणे, पडणे व पाडणे, अशा या प्रयोजक जोड्यांत निवडणुकीची सारी कथा सामावते. आणि प्रत्येक जोडीतील दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता बहुधा पक्षातील कोणी तरी असतो.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे अवश्य आहे. मराठीत चतुर्थ्यन्त अनुभवक व अकर्मक रचना सर्वत्रच विपुल आहेत. ‘मला ताप आला’, ‘त्याला राग आला’, ‘तिला नोकरी मिळाली’. यांवरून मराठी मनुष्य दैववादी आहे असा निष्कर्ष काढणारे काही लेखन झाले आहे. ते आम्हांस भाबडे वाटते. भाषेच्या घडणीवरून समाजाचे मन वाचण्याच्या या पद्धतीस भाषाविज्ञानात पुरेसे उत्तर दिले गेले आहे. म्हणून आमचे म्हणणे तेवढ्यापुरतेच घ्यावे. मराठीत सकर्मक रचना उपलब्ध नाही असे नाही. ‘पक्षाच्या सभासदांनी अमुक यांस उमेदवार म्हणून निवडले’ हे वाक्य निर्दोष मराठी आहे. प्रश्न एवढाच, की हे निर्दोष वाक्य वापरण्याचा प्रसंग का येत नाही.

तो एकदा आला होता. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने, राहुल गांधी पक्षाचे उपाध्यक्ष असताना, देशातील मोजक्या मतदारसंघांत अमेरिकी धर्तीवर उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा व लातूर येथे तो झाला. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे व प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस हे प्रमुख प्रतिस्पर्धी होते; मेघे विजयी झाले. लातूर या राखीव मतदारसंघात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. सार्वत्रिक निवडणुकीत दोघेही पराभूत झाले. दत्ता मेघे यांनी त्याच वर्षी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला, आणि त्यांचे दुसरे पुत्र समीर मेघे त्याच वर्षी त्या पक्षातर्फे हिंगण्यातून विधानसभेवर गेले. मतदानाचा अधिकार पक्षाचे पदाधिकारी, निवडून आलेले प्रतिनिधी अशा मर्यादित वर्गास होता. सामान्य मतदार त्यात नव्हता. प्रयोग फसला तो २०१४ च्या लाटेमुळे, की दोन घराण्यांच्या वारसांतील लढतीस ‘सभासदांची निवड’ हे नाव दिल्यामुळे, याचा निर्णय राज्यशास्त्रज्ञांनी करावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की ती पद्धत पुढे रूढ झाली नाही, आणि तिच्यासाठी मराठी शब्द घडण्यास अवसरच मिळाला नाही.

अमेरिकी पद्धतीस आदर्श मानण्याचा आमचा मुळीच मानस नाही. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. तथापि १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री हे एकाही प्राथमिक निवडणुकीत न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, आणि शिकागोच्या अधिवेशनातील प्रक्षोभानंतरच नियम बदलून १९७२ पासून राज्याराज्यांतील मतदानास आजचे महत्त्व आले. २०२४ मध्ये जो बायडन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची उमेदवारीही त्या मतदानांतून आली नव्हती. परंतु तेथे असे घडले की ते अपवाद म्हणून बोलले जाते, कारण नियमास नाव आहे. राज्याच्या पक्षशाखेने मतदान कोणासाठी खुले ठेवावे, नोंदणीकृत अनुयायांपुरते की सर्वांसाठी, हे राज्यागणिक वेगळे असते, व त्या प्रत्येक प्रकारास वेगळी संज्ञा आहे. आपल्याकडील संज्ञा आहे ती ‘एबी फॉर्म’. निवडणूक चिन्हांविषयीच्या १९६८ च्या आदेशानुसार पक्षाच्या वतीने उमेदवाराचे नाव कळविण्याचा अधिकार कोणास आहे हे ‘अ’ नमुना सांगतो, आणि ते नाव कोणते हे ‘ब’ नमुना सांगतो. दोन्ही नमुने अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपूर्वी पोहोचले पाहिजेत. नाव कसे ठरले याविषयी या दोन कागदांत रकाना नाही. मूळ संविधानात तर राजकीय पक्षाचा उल्लेखही नव्हता. तो आला १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने, आणि तोही पक्षांतराच्या संदर्भात.

या रकान्याच्या अभावी जो उरतो त्यास आपण ‘बंडखोर’ म्हणतो. येथे काशीगाव ज्या शहरात येते त्या मीरा-भाईंदरचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. हे शहर विधानसभेच्या मीरा-भाईंदर व ओवळा-माजिवडा अशा दोन मतदारसंघांत विभागलेले असून त्यांपैकी पहिला २००९ पासून अस्तित्वात आहे. २०१९ मध्ये तेथे भारतीय जनता पक्षाने विद्यमान आमदार नरेंद्र मेहता यांस उमेदवारी दिली, आणि त्याच पक्षाच्या माजी महापौर गीता जैन अपक्ष म्हणून उभ्या राहून पंधरा हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. निकालानंतर त्यांनी भाजपला पाठिंबा दिला, २०२० मध्ये शिवसेनेत प्रवेश केला, आणि २०२४ मध्ये पुन्हा अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या असता तिसऱ्या स्थानी गेल्या. मेहता साठ हजारांहून अधिक मताधिक्याने परतले. या घटनाक्रमातील व्यक्तींच्या गुणदोषांशी आम्हांस कर्तव्य नाही. भाषेच्या दृष्टीने पाहावयाचे ते असे: एकाच पक्षाच्या अनुयायांपुढे दोन नावे होती, आणि त्यांतील एक निवडण्याचा प्रसंग ऑक्टोबरमधील सार्वत्रिक मतदानापर्यंत लांबला. दुसऱ्या देशात ज्यास प्राथमिक निवडणूक म्हटले असते ती या मतदारसंघात सार्वत्रिक निवडणुकीच्या पोटातच झाली. परंतु तिचे नाव पडले ‘बंडखोरी’.

‘बंड’ हे सार्वभौम सत्तेविरुद्ध होते. ज्याच्याविरुद्ध अर्ज भरला त्यास अगोदर राजा मानल्याशिवाय हा शब्द लागू पडत नाही. ‘निष्ठावंत’, ‘मनधरणी’, ‘नाराजी’, ‘शिक्कामोर्तब’ हे त्याचे सगेसोयरे शब्द सारे दरबारी आहेत. वृत्तपत्रांनी अर्ज मागे घेण्याच्या दिवसासाठी ‘बंडोबांचे थंडोबा’ हा विनोदी प्रयोग रूढ केला आहे; ऐकावयास तो गमतीचा खरा, पण त्यामुळे एका नागरिकाने संविधानदत्त हक्काने भरलेला अर्ज हा पोरकटपणा ठरतो. ‘अपक्ष’ या शब्दाचेही असेच. पूर्वी ‘स्वतंत्र उमेदवार’ असाही प्रयोग होता. तो मागे पडून नकारार्थी ‘अपक्ष’ रूढ झाला, आणि पंख नसलेला हा त्याचा दुसरा संस्कृत अर्थ टीकाकारांना आयताच मिळाला. असो.

या शब्दांचे वजन राजकारणी मंडळी आपणांपेक्षा अधिक अचूक जाणतात. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासह शिवसेनेचे बहुसंख्य आमदार बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या बाजूने आग्रहाने सांगितले गेले, की हे बंड नव्हे, हा उठाव आहे. विरोधकांनी ‘गद्दारी’ हा तिसरा शब्द निवडला. १८५७ विषयी मराठीत हाच वाद पूर्वी होऊन गेला आहे: विष्णुभट गोडसे यांच्या काळी सर्वांच्या तोंडी ‘बंड’ होते, सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात ‘स्वातंत्र्यसमर’ केले, आणि शालेय इतिहासात ‘उठाव’ स्थिरावला. शब्द तेच, रांगही तीच. फक्त प्रसंगाचे आकारमान घटले.

आता ज्या एका निवडणुकीत या दरबारी परिभाषेचे बळ कायद्यानेच काढून घेतले आहे तिच्याकडे वळू. ती म्हणजे राष्ट्रपतिपदाची. (अमेरिकेचा तो ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’, आणि आपला ‘राष्ट्रपती’ हा भेद मराठीने कटाक्षाने पाळला आहे, ‘पती’ या घटकाच्या लिंगाची चर्चा २००७ मध्ये पुष्कळ झाली, आणि ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ या क्रियापदाने ती परस्पर मिटविली.) या निवडणुकीत गुप्त मतदान असते, मतपत्रिकेवर पक्षचिन्ह नसते, आणि पक्षास आदेश काढता येत नाही. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेनुसार १७५ असून २८८ आमदारांचे मिळून ते ५०,४०० होते. राज्यपातळीवरील पक्षास दिल्लीच्या राजकारणात आपले वजन आकड्यांत मोजून दाखविण्याची एवढी सरळ संधी दुसरी नाही.

२००७ मध्ये शिवसेनेने ती घेतली. राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा घटक असूनही तिने आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभा पाटील यांना मते दिली, आणि कारण दिले ते मराठीपणाचे. पाटील यांना ६,३८,११६ व शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते पडली. म्हणजे शिवसेनेच्या मतांवाचूनही निकाल बदलला नसता. मराठी वृत्तपत्रांनी त्या वेळी भाषिक अस्मितेचे विवेचन भरभरून केले. ते अपुरे होते असे आज म्हणता येते, कारण २०१२ मध्ये त्याच पक्षाने पुन्हा आघाडीबाहेर जाऊन प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला, आणि ते मराठी नव्हते. जुलै २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने महाविकास आघाडीतील सहकारी पक्षांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांच्याऐवजी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. तीन आठवड्यांपूर्वी फुटलेले दोन्ही गट अशा रीतीने एकाच नावामागे उभे राहिले. तीन प्रसंग, तीन निरनिराळी कारणे, परंतु कृती एकच. अस्मितेच्या शब्दांनी पहिल्या प्रसंगाचे स्पष्टीकरण होते, तिन्हींचे होत नाही. ज्या निवडणुकीत पक्षादेश नाही, तेथे आघाडीचा शब्द मोडण्याची किंमत अल्प असते. प्रादेशिक पक्ष तेथेच आपले स्वातंत्र्य उच्चारून घेतो.

मराठीपणाचा युक्तिवाद या निवडणुकीत निर्णायक नसतो याचा जुना पुरावा १९६९ चा आहे, आणि तो विसरला गेल्याचे आश्चर्य वाटते. त्या वर्षी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुख यांस उभे केले होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारा हा पुरुष. मराठी माणसाच्या बाजूने याहून मोठे प्रमाणपत्र कोणाजवळ असणार? ते तिसरे आले. शिवसेना तेव्हा तीन वर्षांची होती, आणि विधानसभेत तिचा एकही आमदार नव्हता. वामनराव महाडिक निवडून आले ते १९७० मध्ये. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. बंगळूर येथे संसदीय मंडळात यशवंतराव चव्हाणांनी त्यांच्याच बाजूने मत दिले होते. पुढे पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. इंदिरा गांधींनी रेड्डी यांच्यासाठी आदेश न काढता विवेकानुसार मत देण्यास सांगितले. मराठीत त्याचे भाषांतर कोणी ‘सदसद्विवेकबुद्धी’ केले, कोणी ‘अंतरात्म्याचा आवाज’. दोन्ही शब्द मोक्षशास्त्राच्या जवळचे, आणि प्रसंग पक्षातील सत्तास्पर्धेचा. तरीही उमेदवारीविषयक आपल्या शब्दसंग्रहात मत देणाऱ्याच्या अंतरंगाचा उल्लेख करणारे हे दोनच शब्द आहेत, हे नाकारता येत नाही.

पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. बहुमत कोणासच नव्हते. दुसऱ्या पसंतीची मोजणी झाल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले व रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. गिरी अपक्ष होते. त्यांस ‘बंडखोर’ मात्र कोणी म्हटले नाही. तो शब्द त्यांच्या बाजूने मते देणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला, आणि १२ नोव्हेंबर १९६९ रोजी देशाच्या पंतप्रधानांसच पक्षातून काढून टाकण्यात आले.